मुलाचा आजार गुंतागुंतीचा असेल तर योग्य डॉक्टर आणि योग्य टीम कशी शोधायची

मोठ्या हॉस्पिटलात नेलं म्हणजे झालं असं बहुतेक आईवडिलांना वाटतं, आणि सुरुवातीचा बराच वेळ त्यातच जातो. नाव मोठं, इमारत मोठी, डॉक्टरांच्या नावापुढे पदव्यांची रांग, आणि तरीही त्या डॉक्टरांनी तुमच्या मुलासारखी केस आख्ख्या करिअरमध्ये एकदा-दोनदाच बघितलेली असू शकते. आपल्याला शोधायची असते ती अशी टीम जिच्या ओपीडीत हाच आजार, किंवा निदान याच जातीतले आजार, आठवड्या-आठवड्याला येतात. बाकी सगळं म्हणजे कागद, फोन, प्रवास, हे तिथपर्यंत पोचण्यासाठी.

आता, तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना आजार ओळखता आला नाही म्हणून लगेच त्यांच्यावर राग काढू नका. युरोपात २००० माणसांत एकापेक्षा जास्त जणांना नसलेला आजार दुर्मिळ धरतात आणि असे आजार ६००० च्या वर आहेत, त्यातले सुमारे ७० टक्के जनुकीय, आणि बरेचसे लहानपणीच डोकं वर काढतात. इतके सगळे कुणाच्याच डोक्यात बसणार नाहीत. "आम्हाला अजून कुणाला तरी दाखवायचंय" म्हटलं की डॉक्टर दुखावतील अशी भीती वाटते, पण चांगला डॉक्टर स्वतःच चिठ्ठी लिहून देतो, कधीकधी समोर बसल्या बसल्या फोनही लावतो. आणि हे डॉक्टर तुम्हाला पुढेही लागणारच आहेत, त्यांना तोडून जाऊ नका.

सगळ्यात आधी हे ठरवा की हातात वेळ किती आहे. कारण काही आजारांत चार आठवडे चांगला डॉक्टर शोधण्यात घालवले तर तोटाच होतो. उदाहरण घ्या, बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरत नाहीये आणि शी पांढरट, मातकट रंगाची होतेय, तर हा पित्तनलिका बंद असण्याचा आजार असू शकतो, बिलियरी अट्रेशिया, आणि त्याचं कासाई ऑपरेशन बाळ साधारण ६० दिवसांचं व्हायच्या आत झालं तर निकाल जास्त चांगले लागतात. तिथे आज बिलिरुबिनची, म्हणजे काविळीची, रक्ततपासणी, तीही डायरेक्ट आणि टोटल वेगवेगळी, आणि उद्या लहान मुलांच्या लिव्हरचं काम करणारं सेंटर, असा वेग लागतो. तसंच काही महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्या उठल्या एकदम पुढे झुकतंय, हात फेकल्यासारखे होतायत, काही सेकंद थांबून परत तेच, अशी मालिकाच लागतेय, तर "पोटात दुखत असेल" म्हणून सोडू नका, ते इन्फन्टाइल स्पॅझम असू शकतात, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, एक-दोन दिवसांत व्हायला हवा. उपचार जितके उशिरा तितकं वाढीवर पाणी पडतं. अशा वेळी अपॉइंटमेंटच्या रांगेत थांबायचं नसतं, इमर्जन्सीत जायचं किंवा आपल्या डॉक्टरांनाच समोरच्या डॉक्टरांना थेट फोन करायला लावायचा.

आणि शिकलेलं काही मूल विसरायला लागलं, म्हणजे बसत होतं ते बसेना, बोलत होतं ते शब्द गेले, तर तेही "बघू पुढच्या महिन्यात" वालं प्रकरण नाही. बाकी बऱ्याच आजारांत मात्र दोन-तीन आठवडे नीट तयारी करायला मिळतात, ते वापरा.

तयारी म्हणजे मुख्यतः एक पान. हो, एकच. फाइल किलोभर असू दे, ती बॅगेत ठेवा, पण डॉक्टरांच्या हातात आधी एक पान द्या. त्यावर काय हवं ते दाखवते, हे नमुन्यादाखल आहे: "मुलगा, वय ४ वर्षं २ महिने, वजन, उंची, डोक्याचा घेर (मोजल्याची तारीख). बसायला लागला ११व्या महिन्यात, चालला २ वर्षांचा असताना. पहिली फिट १४व्या महिन्यात, ताप नसताना. दोनदा तापात चालणं बंद झालं, आठवड्याभरात परत चालायला लागला. लॅक्टेट दोनदा वाढलेलं (तारखा, आकडे). एमआरआय कधी, काय दिसलं. सध्याची औषधं, मिलिग्रॅममध्ये, दिवसातून किती वेळा. बंद केलेली औषधं: व्हॅलप्रोएट, दुसऱ्या आठवड्यात खूप सुस्त झाला, उलट्या, म्हणून बंद. आमचा प्रश्न: हा मेटाबोलिक किंवा मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे का आणि पुढची कोणती तपासणी करायची?"

यातली बंद केलेल्या औषधांची ओळ लोक हमखास गाळतात, कारण ते औषध आता चालू नाही ना. पण जाणकाराला तीच ओळ सगळ्यात जास्त सांगून जाते. व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध. मेटाबोलिक म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रियांच्या बिघाडाचे आजार, आणि त्यातल्या काही मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशींत ऊर्जा बनवणारा भाग) आणि युरिया सायकलच्या (शरीरातला अमोनिया काढून टाकणारी क्रिया) आजारांत ते धोकादायक ठरतं, त्यामुळे "या औषधाने मूल बिघडलं" हे वाचल्यावर डॉक्टर वेगळ्याच दिशेने विचार करायला लागतात. शेवटचा प्रश्नही जरूर लिहा. "मुलाला बघा" असं म्हणून गेलात तर सगळ्यांच्या वाट्याला सारखाच वेळ येतो, नेमका प्रश्न घेऊन गेलात तर त्या पंधरा मिनिटांत उत्तराकडे जाता येतं.

फिट, विचित्र हालचाली, श्वास अडकणं असलं काही मधूनमधून होत असेल तर ते डॉक्टरांसमोर कधीच होत नाही, हे तुम्हाला माहीतच असेल. मोबाइलवर व्हिडिओ काढा. लाइट लावा, अंगावरचं पांघरूण काढा, चेहरा आणि हातपाय सगळं एका फ्रेममध्ये येऊ द्या, मोठ्याने वेळ बोला, मुलाला नावाने हाक मारा म्हणजे ते बघतं का ते कळेल, आणि थांबल्यावर लगेच बंद करू नका, नंतरचं मिनिटभरही चालू ठेवा. नुसत्या चेहऱ्याचा थरथरत्या हाताने काढलेला पाच सेकंदांचा व्हिडिओ फारसा कामाचा नसतो. अर्थात मूल निळं पडत असेल तर व्हिडिओ राहू दे, आधी मदत.

रिपोर्टचं पण असंच. एमआरआय, सीटीचा नुसता टाइप केलेला कागद पुरत नाही, इमेजेस डायकॉम फॉरमॅटमध्ये मागा, सीडी किंवा पेन ड्राइव्हवर, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. गाठ किंवा बायोप्सीचा मामला असेल तर पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मिळतात का विचारा, कारण लहान मुलांच्या गाठींमध्ये अनुभवी पॅथॉलॉजिस्टने परत बघितल्यावर निदानच बदलल्याच्या केसेस होतात, आणि निदान बदललं की औषधं बदलतात. जेनेटिक टेस्ट झाली असेल तर पूर्ण रिपोर्ट, फक्त "निगेटिव्ह" असं तोंडी नको, आणि जमल्यास रॉ डेटाही, म्हणजे टेस्टच्या मूळ फाइल्स. तो कशाला ते पुढे येतं.

आता शोधायचं कुठे. आजाराचं नाव माहीत असेल तर काम बरंच सोपं. ऑर्फानेट म्हणून एक साइट आहे, फ्रान्समध्ये १९९७ मध्ये सुरू झाली, तिथे आजाराचं नाव टाकलं की माहिती, ऑर्फा कोड (त्या साइटवरचा आजाराचा नंबर) आणि बऱ्याच देशांतली तज्ज्ञ सेंटर्स दिसतात. जनुकीय आजार असेल तर जीनरिव्ह्यूज ही साइट उघडा, फुकट आहे, एकेका आजारावर त्यातल्या अनुभवी लोकांनी लिहिलेले लेख असतात, भाषा जड आहे पण दोन गोष्टी तुम्हालाही समजतील: कोणत्या तपासण्या दरवर्षी करायच्या आणि काय टाळायचं. आणि लेखकांची नावं असतात, कुठे काम करतात तेही. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या पेपरांच्या ऑनलाइन यादीत, आजाराचं नाव आणि "लहान मुलं" अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाकून गेल्या पाच वर्षांतले पेपर बघा, सारखंसारखं कोणाचं नाव येतंय ते टिपा, संपर्कासाठी दिलेल्या लेखकाचा ईमेल बहुतेकदा पेपरातच असतो. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही अमेरिकन सरकारी नोंदवही आहे पण त्यात जगभरातल्या ट्रायल्स, म्हणजे उपचारांच्या माणसांवरच्या चाचण्या, असतात, प्रत्येक ट्रायलखाली कोणकोणत्या हॉस्पिटलात चालू आहे त्याची यादी. ट्रायलमध्ये जायचं नसलं तरी ती यादी म्हणजे या आजाराची मुलं कुठे जमतात त्याचा पत्ताच आहे.

युरोपात २०१७ पासून दुर्मिळ आजारांसाठी २४ रेफरन्स नेटवर्क, म्हणजे तज्ज्ञ सेंटर्सची जाळी, चालू आहेत, मेटाबोलिकसाठी वेगळं, किडनीसाठी वेगळं, अवघड एपिलेप्सीसाठी वेगळं, मुलांच्या कॅन्सरसाठी वेगळं. तिथे बऱ्याचदा मूल हलत नाही, त्याची माहिती हलते, म्हणजे तुमचे डॉक्टर केस मांडतात आणि वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ ऑनलाइन चर्चा करून मत देतात. पण त्यात पालक थेट अर्ज करू शकत नाहीत, डॉक्टरांमार्फतच जावं लागतं. म्हणूनच म्हटलं, घरच्या डॉक्टरांना तोडू नका.

पालकांच्या संघटना, ग्रुप हेही बघाच. कुठल्या सेंटरमधली नर्स फोन उचलते, कुठे आहारतज्ज्ञ खरोखर बसलेली असते, हे कुठल्याच वेबसाइटवर लिहिलेलं नसतं, ते तिथे कळतं. फक्त औषधाचे डोस तिथून उचलू नका.

नावांची यादी झाली की फोन. इथे एक छोटी गोष्ट. "डॉक्टर लहान मुलांचे किडनीचे आजार बघतात का हो?" असं विचारलंत तर "हो, या ना" हेच उत्तर येणार, दुसरं येणारच नाही. त्याऐवजी विचारा की लहान मुलांची किडनी ओपीडी वेगळी असते का, कोणत्या वारी, त्यात आहारतज्ज्ञ बसतात का, लहान मुलांचं डायलिसिस तिथेच होतं का, कोऑर्डिनेटर नर्स कोण, रिपोर्ट आधी ईमेल केले तर बघून ठेवतात का. समोरची व्यक्ती चटकन वार सांगते, नर्सचं नाव सांगते, तिथे व्यवस्था आहे असं समजा. "डॉक्टरांना विचारून सांगते" वर गाडी अडली तर तिथे तसली वेगळी ओपीडी नसण्याचीच शक्यता जास्त.

मुलांचं सेंटर का, तर फक्त मुख्य डॉक्टरांमुळे नाही. भूल देणारे डॉक्टर मुलांचे हवेत, आयसीयू मुलांचं हवं, रेडिओलॉजिस्टला मुलांचे एमआरआय वाचायची सवय हवी. सर्जन हुशार आहे पण ऑपरेशननंतर रात्री दोन वाजता आयसीयूत कोण असेल हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा, आणि तो विचारायला लोक लाजतात.

आकडे विचारायलाही लाजतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनांबद्दल मोठी सार्वजनिक चौकशी झाली, २००१ मध्ये तिचा अहवाल आला, आणि १९९१ ते १९९५ या काळात तिथे एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं इतर सेंटरच्या तुलनेत जास्त दगावली असं त्यात निघालं. तिथले लोक वाईट होते असं अहवालात म्हटलं नाही, पण निकाल कुणी उघडपणे मोजत आणि दाखवत नव्हतं आणि आईवडिलांना पत्ताच नव्हता. तेव्हा शांतपणे विचारा: हे ऑपरेशन या टीमने गेल्या वर्षी किती मुलांवर केलं, याच वयाच्या, याच वजनाच्या? त्यातली किती घरी गेली? कॉम्प्लिकेशन काय आली? नीट काम करणाऱ्यांना हे प्रश्न खटकत नाहीत, उलट ते स्वतःचे आकडे सांगतात आणि "अमुक प्रकारात आम्ही अमक्यांकडे पाठवतो" असंही म्हणतात. असं म्हणणाऱ्या डॉक्टरांवर मी जास्त विश्वास ठेवीन. "तुमचं मूल असतं तर काय केलं असतं?" हा प्रश्न सगळे सुचवतात, मला तो फारसा उपयोगी वाटत नाही, त्यातून डॉक्टरांचा स्वभाव कळतो, अनुभव नाही कळत.

सगळ्याच गोष्टींसाठी लांब जायची गरज नसते हेही तितकंच खरं. मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर, एएलएल, त्याची केमो ठरलेल्या प्रोटोकॉलने चालते, दोन-अडीच वर्षं चालते, मधे ताप आला की तासाभरात हॉस्पिटल गाठावं लागतं. तिथे जवळचं चांगलं पीडियाट्रिक ऑन्कोलॉजी युनिट लांबच्या प्रसिद्ध सेंटरपेक्षा जास्त कामाचं, पाहिजे तर मत लांबून घ्या. उलट एकदाच होणारं आणि क्वचित होणारं ऑपरेशन असेल तर लांब जाण्यात अर्थ आहे. म्हणजे मत, ऑपरेशन आणि रोजचे उपचार या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी होऊ शकतात, सगळं एकाच छताखाली हवं हा हट्ट सोडला की पर्याय एकदम वाढतात.

सेकंड ओपिनियन पहिल्यापेक्षा वेगळं आलं की डोक्याचा भुगा होतो, मग लोक तिसरं घेतात, चौथं घेतात, आणि प्रत्येक जण वेगळं बोलतो. त्यापेक्षा दोघांनाही एकच विचारा, तुमचं मत नक्की कोणत्या रिपोर्टवर, कोणत्या लक्षणावर उभं आहे, आणि कोणती तपासणी केली तर हा वाद मिटेल? बऱ्याचदा एकाने जुना एमआरआय बघितलेला असतो आणि दुसऱ्याने नवीन, एवढाच फरक निघतो. आणि शक्य असेल तर दोघांना एकमेकांशी बोलायला सांगा, तुम्ही मधे निरोप्या होऊ नका.

निदानच होत नसेल तर? जेनेटिक्सच्या डॉक्टरांना अजून भेटला नसाल तर आता भेटा. एक्सोम टेस्ट (जनुकांचे प्रोटीन बनवणारे भाग एकदम वाचणारी) सुचवली तर विचारा की ट्रायो करायची का, म्हणजे मुलाबरोबर आई आणि वडील दोघांचेही नमुने, कारण बदल मुलात नव्याने आलाय की घरातूनच आलाय ते त्यात लगेच दिसतं. रिपोर्टात व्हीयूएस असं लिहून आलं तर त्याचा अर्थ आजार सापडला असा नाही, बदल दिसला पण त्याने काही होतं की नाही ते आज सांगता येत नाही, एवढाच. त्यावरून कुणी मोठा उपचार सुरू करत असेल तर थांबून विचारा. आणि निगेटिव्ह रिपोर्ट कायमचा निगेटिव्ह नसतो, नवीन जनुकं सापडत राहतात, म्हणून एक-दोन वर्षांनी तोच डेटा परत तपासून घ्यायचा, नवीन रक्त न काढता काही मुलांना तेव्हा उत्तर मिळतं. रॉ डेटा जपून ठेवायला सांगितलं ते यासाठी. निदान न झालेल्या केसेससाठी अमेरिकेत एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २००८ मध्ये खास कार्यक्रम सुरू केला, इतर काही देशांतही तसे आहेत, डॉक्टरांच्या पत्रासकट अर्ज करावा लागतो.

मेटाबोलिक शंका असेल तर अजून एक, मूल आजारी पडून साखर एकदम खाली येते किंवा गुंगीत जातं त्या वेळचं रक्त आणि लघवी ही सोन्याच्या मोलाची. बरं झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात काहीच सापडत नाही असं होतं. म्हणून "पुढच्या वेळी इमर्जन्सीत आलो तर ग्लुकोज लावताना आधी कोणते नमुने घ्यायचे" हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. अमोनियाचं रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला जावं लागतं, ट्रॉलीवर तासभर पडून राहिलं तर आकडा खोटाच वाढलेला येतो. नमुन्यांसाठी उपचार मात्र अडवायचे नाहीत.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, सगळ्याला एकच स्टेम सेलचं इंजेक्शन असं कुणी विकत असेल, पुरावा म्हणून फक्त पालकांचे व्हिडिओ असतील, किंवा ट्रायलमध्ये घेतो पण पॅकेजचे पैसे भरा असं म्हणत असेल, तर निघा तिथून. ट्रायल नोंदवहीत नाव आहे म्हणजे सरकारने तपासून पसंत केलीय असंही नाही, एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र मागा.

सेंटर मिळालं की खरी कसरत सुरू होते, कारण मग न्यूरो वेगळं, हार्ट वेगळं, पोटाचे डॉक्टर वेगळे, आणि प्रत्येक जण आपापलं औषध लिहितो. सगळ्या औषधांची यादी एकत्र बघणारा एक माणूस ठरवून घ्या, शक्यतो घराजवळचे बालरोगतज्ज्ञच, आणि सेंटरला सांगा की प्रत्येक पत्राची कॉपी त्यांना जाऊ दे. सेंटरकडून एक इमर्जन्सी लेटर सही-शिक्क्यासह घ्या: आजाराचं नाव, ताप किंवा उलट्या झाल्या तर पहिल्या तासात काय करायचं, कोणतं सलाइन, कोणतं औषध अजिबात द्यायचं नाही, रात्री कोणाला फोन करायचा. फोटो मोबाइलमध्ये, एक प्रत शाळेत, एक आजी-आजोबांकडे. ड्युटीवरचा नवा डॉक्टर आईच्या तोंडी सांगण्यापेक्षा लेटरहेडवर जास्त विश्वास ठेवतो, वाईट वाटून घेऊ नका, वापरून घ्या.

पॅलिएटिव्ह टीमचं नाव निघालं की घरातले रडायला लागतात, "म्हणजे आता काही उरलं नाही का?" मुलांच्या बाबतीत तसं नसतं. दुखणं, झोप, खाणं, भावंडांचं काय, घरी काय काय सोय लागेल, हे बघणारी ती टीम, आणि ती निदानाच्या दिवसापासून मुख्य उपचारांच्या जोडीला चालू शकते. मिळत असेल तर लवकर घ्या.

आणि मूल बारा-चौदा वर्षांचं झालं की मोठ्यांच्या डॉक्टरांकडे कधी, कोणाकडे जायचं ते विचारायला सुरुवात करा. बऱ्याच ठिकाणी १८ पूर्ण झाली की मुलांची ओपीडी बंद होते, आणि मोठ्यांच्या विभागात हा आजार बघणारं कोणी आहे का ते शोधायला परत हीच सगळी यादी, हेच फोन, हेच एक पान लागतं. फक्त या वेळी ते पान मुलालाच लिहायला लावा, त्याला स्वतःच्या औषधांची नावं आणि डोस पाठ नसतील तर तिथून सुरुवात करा.